अश्वशक्ती छापता, मग वजन का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हलक्या स्पोर्ट्‌स गाड्यांवरचा लेख वाचला. इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या एलिस या गाडीचं मूळ इंजिन काढून तिथे होंडाचं जास्त ताकदीचं इंजिन बसवणाऱ्यांना लेखकाने चांगलंच झोडपलं आहे. गाडीचा आत्माच काढून घेतला, असा एकूण सूर. सोबतच्या चौकटीत गाड्यांची अश्वशक्ती, कमाल वेग, किंमत, इतकंच काय रंगसुद्धा दिलेत. वजन मात्र एकाही गाडीचं नाही. माझी तक्रार आत्म्याबद्दल कमी आणि या चौकटीबद्दल जास्त आहे.

मी मूळचा पलूसचा. आयटीआय करून फिटर झालो आणि पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला टूलरूममध्येच नोकरी संपवली. आता शनिवारी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये जातो. तिथे एलिस आणि तशाच हलक्या केटरहॅम गाड्या येतात, आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवायचं ठरलं की ते धरून ठेवणारे ब्रॅकेट करायचं काम माझ्याकडे येतं. म्हणजे लेखकाने ज्यांना झोडपलंय त्या टोळीतलाच मी एक.

आता आत्म्याचं बघू. १९९६ साली आलेल्या एलिसमध्ये जे इंजिन होतं ते लोटसचं नव्हतंच. रोव्हर कंपनीचं होतं, १.८ लिटरचं, ११८ बीएचपीचं (बीएचपी म्हणजे अश्वशक्तीच), आणि तेच रोव्हरच्या चारचौघांसारख्या घरगुती गाड्यांतही बसत होतं. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी पहिल्यापासून हेच केलं. १९५७ च्या लोटस सेव्हनमध्ये फोर्डचं जुन्या पद्धतीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. १९६६ च्या ‘युरोपा’ या गाडीत रेनॉचं इंजिन. १९८९ च्या एलानमध्ये जपानच्या इसुझूचं. आणि २००४ पासून खुद्द एलिसमध्येच कंपनीने टोयोटाचं १८९ बीएचपीचं इंजिन द्यायला सुरुवात केली. कारखान्याने बदललं तर प्रगती आणि शनिवारी गॅरेजमध्ये चौघांनी बदललं तर पाप, हा न्याय मला कळला नाही.

या यादीत माझं सगळ्यात लाडकं उदाहरण कॉव्हेंट्रीचंच आहे. १९५७ साली दाखवलेली लोटस एलिट ही फायबरग्लासची देखणी गाडी कॉव्हेंट्री क्लायमॅक्सच्या १२१६ सीसी इंजिनवर पळत असे. त्या इंजिनाचं घराणं आगीच्या बंबाचं! दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारला आग विझवायला उचलून नेता येईल असा हलका पंप हवा होता. त्यासाठी क्लायमॅक्सने जवळजवळ सगळं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन केलं आणि नाव ठेवलं एफडब्ल्यू, म्हणजे फेदर वेट, पिसासारखं हलकं. रेसिंगवाल्यांच्या ते लगेच डोळ्यांत भरलं. किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावातला माणूस मी. पंपाचं इंजिन शर्यतीत धावलं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भलताच अभिमान वाटला होता, जणू काही ते आमच्याच शेडमधून गेलं होतं.

ते इंजिन रेसिंगवाल्यांनी घेतलं ते काही ताकदीसाठी नव्हे. ताकद त्यांना इतरत्रही मिळत होती. इतक्या कमी वजनात तेवढी ताकद कोणी देत नव्हतं. लेखात नेमका हाच मुद्दा सुटला आणि चौकटीतही.

पहिली एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास भरते. आपली जुनी मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, म्हणजे दोघींत दीड पोतं सिमेंटचा काय तो फरक. त्या वजनाला ११८ बीएचपी म्हणजे टनामागे सुमारे १६३ बीएचपी. आता याच होंडा इंजिनाची मूळ गाडी घ्या. २००१ ची सिव्हिक टाइप आर, इंग्लंडातच स्विंडनला बनायची. दोन लिटरचं इंजिन, १९७ बीएचपी, गाडीचं वजन सुमारे १२०० किलो. टनामागे किती? सुमारे १६४. कागदावर ७९ बीएचपीचा फरक आणि रस्त्यावर दोघी जवळपास बरोबरीत. पुरवणी वाचणारा पोरगा मात्र चौकट बघून ठरवणार की एलिस दुबळी आणि टाइप आर जबरदस्त.

आणखी एक देतो. केटरहॅम ही कंपनी लोटस सेव्हनचीच परंपरा पुढे चालवते. तिच्या २०२१ च्या सेव्हन १७० या गाडीत सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन आहे, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही लहान. ताकद ८४ बीएचपी. तुमच्या चौकटीत हा आकडा अगदीच केविलवाणा दिसला असता. पण गाडी आहे ४४० किलोची, टनामागे १९० बीएचपी होतात!

मग ११८ बीएचपी पुरेसे असताना लोक इंजिन बदलतात तरी का? एक कारण रोव्हर इंजिनाचा स्वभाव. मला ते इंजिन मनापासून आवडतं. वजनाला हलकं, आणि हेडपासून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यापासून, तळापर्यंत आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी सगळे थर एकत्र आवळलेले, काय सुरेख कल्पना! पण त्यात पाणी कमी मावतं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाणी सोडणारी झडप, पाणी आत शिरण्याच्या बाजूला आहे. एलिसमध्ये रेडिएटर नाकाशी आणि इंजिन पाठीशी. मधल्या लांब नळ्यांतलं गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम घुसतं आणि हेड गॅस्केटला, म्हणजे हेडखालच्या पातळ पट्टीला, दणके बसतात. त्यावर उपाय आहेत, लोक ते करतातही. त्याच इंजिनातून थोडी जास्त ताकद काढणंही अवघड नाही. इंजिनात हवा सोडणारा ४८ मिलिमीटरचा थ्रॉटल काढून ५२ चा बसवायचा, कॅमशाफ्ट बदलायचे, हेडचं काम करायचं. पण दीडशेच्या पुढचा एकेक घोडा महाग पडत जातो आणि दोनशेचं स्वप्न बघणाऱ्याला हिशेबाअंती होंडाच स्वस्त वाटते. रोव्हर कंपनीही २००५ साली बंद पडली. (तिची २००३ ची सिटीरोव्हर ही पुण्यात तयार झालेली इंडिकाच होती, हे तुमच्या लेखकाला कदाचित आवडेल.)

काम कसं होतं ते थोडं सांगतो, कारण लेखात ते हातोडीने ठोकून बसवल्यासारखं रंगवलंय. एलिसचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवून केलेला, अवघा ६८ किलोचा. त्याला आम्ही हातही लावत नाही. इंजिन बसतं मागच्या स्टीलच्या सबफ्रेमवर, म्हणजे सांगाड्याला जोडलेल्या छोट्या चौकटीवर. गाडीच्या मागची फायबरग्लासची अख्खी टोपी दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायची की सगळं उघडं पडतं. मग होंडाचं इंजिन आणि त्याचाच सहा गिअरचा बॉक्स साखळीवर टांगून आत सोडतो. इथे माझी पाळी. एका हाताने साखळी ओढत, दुसऱ्या हाताने इंजिन ढकलत केसभर इकडे, केसभर तिकडे. चाकं फिरवणारे ड्राइव्हशाफ्ट चाकाशी सरळ रेषेत हवेत, पुली सांगाड्याला घासता कामा नये, एक्झॉस्ट मागच्या भिंतीजवळ जाता कामा नये. जागा पक्की झाली की पुठ्ठ्याचा ब्रॅकेट कापतो, त्यावरून पत्र्याचा, आणि शेवटी जाड प्लेटचा. इंजिनाची थरथर शोषणारा रबर बुश फार कडक घेतला तर चहाच्या टपरीवरच्या स्टोव्हसारखी अख्खी गाडी भुरभुरते आणि आरशात मागचं काही दिसत नाही. फार मऊ घेतला तर इंजिन डोलतं आणि गिअर अडकतो. तेलाच्या टाकीत आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात, कारण ही गाडी वळणावर इतकी घट्ट धरते की तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडतो. मग वायरिंग, संगणक, कुलिंग. आठवड्याचं काम म्हणून सुरू होतं आणि दोन ऋतू खातं.

एवढं करून गाडी सुमारे तीस-चाळीस किलोंनी जड होते, आणि तेही मागच्या बाजूला, जिथे वजन आधीच जास्त आहे. तरी टनामागे अडीचशेच्या वर बीएचपी पडतात. कारखान्याने टोयोटाचं इंजिन दिलेली एलिस ८६० किलोवर गेली होती, तिला सुमारे २२० मिळतात. म्हणून लेखकाला माझं सांगणं असं की नावं ठेवायची तर वजन वाढवणाऱ्यांना ठेवा. टर्बो, इंटरकूलर, मोठी चाकं, त्यासाठी मोठे ब्रेक, त्यावर स्पीकर असं करत करत हलक्या गाडीची म्हैस करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या चौकटीतला बीएचपीचा आकडा झकास दिसतो. आणि आज लोटस भारतात जी एलेट्रे विकते ती विजेची गाडी अडीच टनांच्या घरात आहे. आत्म्याचा प्रश्न तिथे विचारायला हवा होता.

असे बदल करू नका, हा लेखाच्या शेवटी तरुणांना दिलेला इशारा मात्र मला मान्य आहे. पण त्याचं कारण लेखकाने दिलं नाही, ते असं. इंग्लंडात इंजिन बदललं की नवा इंजिन क्रमांक आणि सीसी परवाना खात्याला कळवून कागदावर चढवून घेतात, विमा कंपनीला लेखी सांगतात, आणि वर्षाची तपासणी असतेच. विमा कंपनीपासून लपवलेलं इंजिन आम्ही बसवून देत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी किंवा कंपनीने ठरवलेल्या मापाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट रीतसर बसवता येतं, मग एकेक गाडी तपासून इंजिनालाही मान्यता देणारी वाट असावी असं मला वाटतं. ती होईपर्यंत आमच्या भागातल्या भाचे-पुतण्यांनी असलं काही करायचं तर रेस ट्रॅकपुरत्याच गाडीवर करावं.

तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या पुरवणीपासून चौकटीत वजनाचा एक रकाना वाढवा. जागा नसेल तर रंगाचा काढा. आणि आकडा कोरड्या गाडीचा की तेल-पाणी-पेट्रोल भरलेल्या गाडीचा तेही लिहा, कारण कंपन्या नेमकं तिथेच हात मारतात.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
कॉव्हेंट्री (मूळ पलूस, जि. सांगली)