मुलांकडे इंग्लंडला गेलात, तर दोन स्टेशनांमध्ये चालून बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आई-वडिलांची पत्रं आपल्याकडे अधूनमधून छापून येतात. सूर बहुधा एकच असतो. घर छान आहे, नातवंडांचा लळा आहे, पण सोमवार ते शुक्रवार चार भिंतींत बसून राहायचं आणि कुठे जायचं तर शनिवारी मुलांना सवड होईल तेव्हा. इंग्लंडपुरतं सांगते, तिथे असं बसून राहायचं काही कारण नाही. रेल्वेने एका स्टेशनवर उतरावं, कालव्याच्या काठाने पुढच्या स्टेशनपर्यंत चालत जावं आणि नातवंडं शाळेतून यायच्या आत गाडीने घरी यावं. आम्ही दोघं हेच करतो. दोघांनीही साठी कधीच ओलांडली आहे आणि ह्यांचे गुडघे दुखरे आहेत.

मी नाशिकला पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. कालव्यांचे उभे छेद, म्हणजे कालव्याची पातळी कुठे किती उंच ते दाखवणारे नकाशे, ट्रेसिंगवर उतरवण्यात माझी नोकरी गेली. आता मुलगी लंडनच्या वायव्येला हेमेल हेम्पस्टेडला असते, त्यामुळे दर दोन वर्षांनी तिकडे मुक्काम होतो. तिच्या स्टेशनवरून उत्तरेला जाणाऱ्या गाडीत बसलं की आधी बर्कमस्टेड आणि मग ट्रिंग लागतं. पहिल्यांदा चालायचं असेल तर ट्रिंगला उतरून बर्कमस्टेडपर्यंत यावं. सात-आठ किलोमीटरची चाल आहे, आणि चढ जवळजवळ नाहीच.

ट्रिंगचं स्टेशन गावापासून चांगलं दोन मैल लांब, शेतांच्या मधे आहे. गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडं गेलं की पूल येतो आणि पुलाखाली ग्रँड युनियन कालवा. काठावर उतरून दक्षिणेकडे वळलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना उंच, झाडीने भरलेले काठ सुरू होतात. टेकडी कापून कालवा नेलाय. ही खोदाई अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. विल्यम जेसप हे मुख्य अभियंते होते, आणि काम सगळं फावड्या-कुदळींनी, माणसांच्या हातांनी झालेलं. संपूर्ण कालवा 1805 मध्ये वापरात आला. आपल्या पाटाला सतत उतार द्यावा लागतो, कारण पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचं असतं. इथे पाणी शेतासाठी नाही, नावांसाठी. म्हणून उभ्या छेदात कालव्याची रेघ अगदी आडवी असते, मग एकदम पायरी, पुन्हा आडवी रेघ. ती पायरी म्हणजे लॉक, दोन्ही टोकांना फाटकं असलेला हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात.

स्टेशन आणि कालवा इतके जवळ का, याचंही उत्तर जमिनीतच आहे. लंडनहून वायव्येला जायचं तर चिल्टर्नच्या खडूच्या टेकड्या आडव्या येतात, आणि ट्रिंगला त्यांत खिंड आहे. रोमन लोकांचा रस्ता त्याच खिंडीतून गेला, कालवा तिथूनच गेला, आणि 1837 मध्ये रॉबर्ट स्टीफन्सन यांनी लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेही तिथूनच नेली. कमीत कमी चढ सगळ्यांनाच हवा होता. पुढे रेल्वेने कालव्याचा धंदा बसवला हे खरं, पण चालणाऱ्याचा त्यात फायदा झाला. हेमेल हेम्पस्टेडपासून ट्रिंगपर्यंत रूळ आणि पाणी एकमेकांना फारसे सोडतच नाहीत. पाय दमले तर पुढचं स्टेशन जवळच असतं.

काठाची पायवाट मुळात घोड्यांसाठी. घोडा काठाने चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांत दोर घासून पडलेल्या खाचा दिसतात. एका खाचेत मी बोट घालून पाहिलं, पहिलं पेर पूर्ण आत गेलं. ओल्या, रेती लागलेल्या दोराने लोखंड इतकं झिजायला किती नावा गेल्या असतील!

पुढे काउ रोस्ट नावाच्या वाडीशी लॉक आहे. इथे घाई करू नये. नाव येताना दिसली तर थांबून बघावंच. आम्ही थांबलो तेव्हा आमच्याच वयाचं एक जोडपं नाव घेऊन आलं. आजोबा सुकाणूवर होते, आजी हातात लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरल्या. त्यांनी हँडल दातेरी चाकावर चढवून झडप उचलली आणि पाणी घुसळत आत आलं. लॉकची दोन फाटकं सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. फाटकाला जाडजूड लाकडी दांडा असतो, तो पाठ लावून रेटायचा. आजींनी मलाही बोलावलं. मी सगळा जोर लावला तरी दांडा हलेना. त्यांनी हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं आणि तोच दांडा सहज सरकायला लागला. पातळीचे आकडे जन्मभर कागदावर लिहिले, पण एका इंचाचा फरक किती जड असतो ते त्या दिवशी पाठीला कळलं.

अशा एका लॉकमध्ये साधारण अडीच लाख लिटर पाणी मावतं. ट्रिंग हा कालव्याचा माथा. नाव माथ्यावर चढताना एक लॉकभर पाणी खाली जातं, पलीकडे उतरताना आणखी एक. माथ्यावर हे पाणी भरून काढायला विल्स्टन, मार्सवर्थ, ट्रिंगफर्ड आणि स्टार्टॉप्स एंड असे तलाव बांधले, त्यांतला पहिला 1802 चा. स्टेशनजवळच्या पुलापासून दक्षिणेऐवजी उत्तरेला चालत गेलं तर मार्सवर्थला लॉकची रांग आणि काठालाच तलाव दिसतात. पाणपक्षी खूप असतात. तिथून पुढे चेडिंग्टन स्टेशन गाठता येतं. पण हा रस्ता दुसऱ्या वारीसाठी ठेवावा.

बर्कमस्टेडला कालवा थेट स्टेशनला लागून जातो. रुळांच्या पलीकडे किल्ल्याचे अवशेष आहेत, मातीची उंच टेकडी, खंदक आणि पडक्या भिंती. 1066 मध्ये नॉर्मंडीहून चालून आलेल्या विल्यमला इंग्रज सरदार शरण आले ते इथेच, असं मानतात. आत जायला पैसे पडत नाहीत. आम्ही तिथल्या गवतावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खातो आणि मग गाडी धरतो.

मुलं दुसरीकडे असतील तरी अशा वाटा आहेत. मँचेस्टर-हडर्सफील्डकडे असतील तर मार्सडेनला उतरून कालव्याच्या बोगद्याचं तोंड आधी बघा. 1811 साली खुला झालेला स्टँडेजचा हा बोगदा सव्वातीन मैलांचा आहे, ब्रिटनमधला सर्वात लांब कालवा-बोगदा. आत पायवाट नाही, म्हणून घोडे डोंगरावरून न्यायचे आणि नावाडी आडवे पडून भिंतीला पाय लावत नाव पुढे ढकलायचे. तिथून स्लेथवेट स्टेशनपर्यंत उतरत जावं. बाथ-ब्रिस्टलकडे असतील तर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून एव्हनक्लिफपर्यंत चाला, जेमतेम पाऊण तास लागतो. तिथे दगडी जलसेतूवरून कालवा नदी आणि रेल्वे दोन्ही ओलांडतो. एव्हनक्लिफच्या छोट्या स्टेशनवर गाडीला हात दाखवून थांबवावं लागतं, एसटीला दाखवतो तसा.

चार व्यवहाराच्या गोष्टी. साठीच्या पुढच्या माणसाला सीनियर रेलकार्ड मिळतं, ते पाहुण्यांनाही काढता येतं, तिकीट एक तृतीयांशाने कमी होतं. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघावं, लंडनच्या आसपास तेव्हाच ते चालतं आणि तिकीटही स्वस्त असतं. परतीचं तिकीट लांबच्या स्टेशनचं काढावं आणि येताना अलीकडच्या स्टेशनवर गाडीत बसावं, म्हणजे वेगळं तिकीट लागत नाही. कालव्यावरच्या पुलांना नंबर असतात. मुलीला फोनवर पुलाचा नंबर सांगितला की आम्ही कुठे आहोत ते तिला नकाशात कळतं, आणि तिची काळजी मिटते. पावसानंतर चिखल होतो, बूट पक्के हवेत. सायकलवाले घंटा वाजवतात, त्यांना वाट द्यावी. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि काठावर दिवे नसतात, तेव्हा त्या महिन्यांत छोटी वाट घ्यावी.

2012 पासून हे कालवे सरकारी महामंडळाकडून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे गेले. दोन हजार मैलांचं हे जाळं सांभाळायला अनेक स्वयंसेवकही राबतात. त्यांतले कितीतरी आपल्याच वयाचे निवृत्त लोक असतात, आणि दोन शब्द बोलायला थांबतात. दिवसभर घरात ज्याची उणीव भासते, ते बोलणं इथे मिळतं.

मुलांना एवढंच सांगणं आहे, की आई-बाबांना एकदा तिकिटाचं यंत्र आणि फलाटावरचा फलक समजावून द्या आणि मग खुशाल जाऊ द्या. आणि संपादक महोदय, आपल्या पर्यटन पुरवणीत लंडन आय आणि बकिंगहॅम पॅलेस दरवर्षी येतात. एखाद्या रविवारी या वाटांनाही अर्धं पान द्यावं. स्टेशनांची नावं, अंतर आणि वाटेत शौचालय कुठे आहे, एवढं छापलं तरी आमच्या वयाच्या माणसांचं काम होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त अनुरेखक, नाशिक
(सध्या मुक्काम हेमेल हेम्पस्टेड)