वकील गाठण्याआधी

मस्कत

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम सावंतवाडीच्या पत्त्यावर टाकलंय. चतुर्थीला तू आणि वहिनी म्हापशाहून याल तेव्हा बाबांना शेजारी बसवून वाच. त्यांच्या सहीचाही प्रश्न आहे.

‘दिवाळखोरीचा चांगला वकील सुचव’ म्हणालास. पण आधी कर्ज कोणाकोणाच्या नावावर आहे ते वेगळं काढ. थिवीचा कारखाना प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे ते प्रकरण 2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाणार, आणि गोव्यासाठीची एनसीएलटी मुंबईत आहे. म्हापशाच्या कोर्टात चेक बाउन्सच्या केसेस चालवणारा वकील माणूस म्हणून कितीही चांगला असो, तिथे त्याचा उपयोग नाही. ‘गेल्या दोन वर्षांत कलम 10 चे किती अर्ज स्वतः चालवलेत, त्यांचे क्रमांक द्या’ असं सरळ विचार. आदेश एनसीएलटीच्या संकेतस्थळावर असतात, वकिलाचं नावही त्यात असतं. दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

कलम 10 म्हणजे कंपनीने स्वतःहून केलेला अर्ज. थकबाकी किमान 1 कोटी हवी, भागधारकांचा तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव हवा, फी 25,000 रुपये. एनसीएलटीने अर्ज स्वीकारला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार आरपीच्या (रिझोल्यूशन प्रोफेशनल, तोडगा काढण्यासाठी नेमलेला व्यावसायिक) हातात जातो. हा आरपी वकील नव्हे, त्याची फी वेगळी. पहिल्या भेटीत हे न सांगणारा वकील नको.

आता बाबा. बाबांनी जामीनखतावर सही केलीय. कंपनीवरची वसुली स्थगित झाली तरी ते संरक्षण जामीनदाराला मिळत नाही. बँक दुसऱ्याच दिवशी बाबांकडे वळू शकते. कंपनीच्या जामीनदारांसाठी डिसेंबर 2019 पासून संहितेत स्वतंत्र तरतूद लागू आहे. तेव्हा ‘कंपनीची केस टाकली की घर वाचलं’ असं कोणी म्हणालं, तर चहा संपव आणि ऊठ.

बँकेची सरफेसीची, म्हणजे तारण ताब्यात घेऊन वसुली करायच्या कायद्याची, नोटीस आलीय म्हणालास. ते पाकीट फेकलं नाहीस ना? नोटिशीवरची तारीख आणि ती प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख यांत बरेचदा आठवड्याचा फरक असतो, आणि पुढचे 60 दिवस मोजताना तोच कामाला येतो. पाकीट नोटिशीला टाचून ठेव, पोस्टाचा शिक्का दिसेल असं. या 60 दिवसांत लेखी हरकत दिलीस तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताबा घेण्याची पायरी आलीच तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला 45 दिवस. लोक बँक मॅनेजरशी तोंडी बोलण्यात हे दिवस घालवतात. जाणता वकील फीच्याही आधी ‘नोटीस कधी मिळाली’ हे विचारेल.

म्हापशाच्या फ्लॅटची गोष्ट अजून निराळी. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. वहिनी म्हापशाच्या आणि लग्नाची नोंदही तिथलीच, पण तू सावंतवाडीचा. तेव्हा हा कायदा तुम्हाला लागू होतो की नाही, वादाची सुरुवात इथूनच. लागू झाला तर तारणाच्या कागदावर वहिनींची सही आहे का, यावर बरंच अवलंबून राहील. मुंबईच्या वकिलाला हे बहुधा सुचणारच नाही. म्हणून माझं मत: मुख्य वकील मुंबईचा, आणि फ्लॅटपुरता लेखी सल्ला पणजी-पर्वरीकडच्या दिवाणी वकिलाचा. दोन फिया जातील, जाऊ देत.

पैशांचं बोलणं तुकड्यांत कर. मसुद्याचे किती, तारखेचे किती, मुंबईला हजर न राहताच तारीख पुढे गेली तर किती. ‘जेवढं माफ करून देईन त्याचे इतके टक्के’ अशी फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, जाहिरात करायलाही. त्यामुळे ‘कर्ज निम्म्यात मिटवतो’ म्हणून फोन करणारे बहुतेक दलाल असतात. सनद क्रमांक माग. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या वकिलांची पडताळणी तिथेच होते.

वकालतनामा कोरा सही करू नकोस. छापील मजकुरात ‘तडजोड करणे, कबुली देणे, अर्ज काढून घेणे’ असे अधिकार सरसकट दिलेले असतात. त्यापुढे हाताने ‘अशिलाच्या लेखी संमतीनेच’ लिहून दोघांनी सही करायची. चांगला वकील कुरकुर करत नाही.

आणि एक, तुला आवडणार नाही असं. मेहुण्याचे उसने आत्ता फेडू नकोस. नातेवाइकाला इतरांआधी दिलेले पैसे मागच्या दोन वर्षांपर्यंत तपासले जातात (परक्यांचे एका वर्षापर्यंत) आणि ते परत मागता येतात. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायचा सल्ला देणारा वकील तर मुळीच नको. त्यात तूच अडकशील.

भेटीला जाताना मंजुरीपत्र, जामीनखत, तारणाचे कागद, तीन वर्षांचे ताळेबंद, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र आणि ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांची यादी यांच्या झेरॉक्स ने. उद्यम सगळ्यात वर ठेव: लघुउद्योगाच्या प्रवर्तकाला आपलीच कंपनी परत घेण्यासाठी बोली लावायची वाट त्यामुळे उघडी राहते. मूळ कागद कोणाकडेच सोडू नकोस.

बाबांच्या जामीनखताचं प्रत्येक पान, मागची बाजूसुद्धा, फोटो काढून मला आजच पाठव.

तुझा,
धाकटा