‘असू शकत नाही’ की ‘नसेल’?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात बिबट्याच्या हल्ल्यातून बचावलेल्या एका शेतमजूर महिलेची हकिगत वाचली. तिच्या तोंडी पुढील वाक्य घातले होते : ‘बिबट्या माझ्यापासून दहा फुटांपेक्षा जास्त लांब असू शकला नसता.’ बातमी इंग्रजीवरून उतरवलेली असणार, हे उघड आहे. ती बाई मुळात मराठीतच बोलली असेल आणि ‘लई तर धा फूट, त्येच्या वर नसंल’ अशासारखेच काही म्हणाली असेल. तिचे बोलणे इंग्रजीत जाऊन ‘कुडन्ट हॅव बीन मोअर दॅन टेन फीट’ झाले आणि परत येताना ‘असू शकला नसता’ झाले. या शेवटच्या रूपाचा अर्थ लावायचा झाला, तर बिबट्याच्या अंगी दहा फुटांपलीकडे राहण्याची ताकद नव्हती, असा काहीसा लागतो.

मी वाईच्या परिसरात तीस वर्षे इंग्रजी शिकवले. ही चूक मला नवी नाही आणि ती एकट्या अनुवादकाची आहे, असेही मी म्हणणार नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आले. तेव्हापासून ‘कॅन म्हणजे शकणे’ हे समीकरण मूल फार लवकर पाठ करते आणि पुढे ते कोणी सोडवून देत नाही. वास्तविक ‘कॅन’ची निदान दोन कामे वेगळी ओळखायला हवीत. ‘ही कान्ट स्विम’ म्हणजे त्याला पोहता येत नाही. येथे सामर्थ्याची गोष्ट आहे. ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी नसणार; येथे बोलणारा काही खुणांवरून अनुमान काढतो आहे. या दुसऱ्या वाक्यप्रकाराला ‘मोअर दॅन’ आणि एखादा आकडा जोडला की त्याचे अंदाजात रूपांतर होते. वाईच्या स्टँडवर एखाद्याने परदेशी पाहुण्याला जवळच्या मेणवली गावाबद्दल ‘इट कान्ट बी मोअर दॅन थ्री किलोमीटर्स’ असे सांगितले, तर त्याने रस्ता मोजलेला नसतो. पण तो त्या वाटेने गेलेला असतो आणि आपल्या अंदाजाला वरची मर्यादा घालून देतो. मराठीत हाच माणूस ‘तीन किलोमीटर भरणार नाही’, ‘तिनाच्या वर नसेल’ किंवा ‘फार तर तीन’ असे म्हणेल. ‘तीन किलोमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही’ असे तो म्हणणार नाही, कारण मेणवलीच्या अंगी लांब जाण्याची शक्ती आहे की नाही, हा प्रश्नच नाही.

इंग्रजीतील या नकारांत खात्रीचे चढउतारही आहेत आणि ते मराठीत आणणे मुळीच अवघड नाही. ‘मे नॉट बी मोअर दॅन’ म्हटले की बोलणारा कच खातो. तेथे ‘कदाचित तिनाच्या वर नसेलही’ चालेल. ‘वोन्ट बी’ला ‘नसेल’ पुरते, ‘कान्ट बी’ला ‘नसणार’ लागते आणि कोणी हट्टाने चार म्हणत असेल, तर ‘छे, शक्यच नाही’ हेही योग्य ठरते. म्हणजे ‘शक्य’ या शब्दाशी माझे वैर नाही. फक्त तो वादाच्या जागी शोभतो, वाट सांगताना नाही.

उलट दिशेची चूक मात्र अधिक गमतीची आहे. आपले ‘नसावे’ दोन्हीकडे चालते. ‘अंतर तीन किलोमीटरपेक्षा जास्त नसावे’ हा अंदाजही असू शकतो आणि नियमही. ‘मस्ट बी’ म्हणजे ‘असावे’ हे विद्यार्थ्याने शिकलेले असते, म्हणून तो सरळ हिशेबाने ‘नसावे’साठी ‘मस्ट नॉट बी’ लिहितो. माझ्या एका विद्यार्थ्याने पर्यटकांसाठीच्या माहितीत ‘मेणवली मस्ट नॉट बी मोअर दॅन थ्री किलोमीटर्स फ्रॉम वाई’ असे लिहिले होते. इंग्रजी कानाला हे वाक्य मनाई हुकमासारखे वाटते, जणू मेणवलीतल्या नाना फडणविसांच्या वाड्याने त्यापुढे सरकता कामा नये. मुलगा हुशार होता आणि त्याचे तर्कशास्त्र चोख होते. अनुमानाच्या नकारासाठी इंग्रजी ‘मस्ट’ टाकून ‘कान्ट’ उचलते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यात मीही आलो.

नियम आणि अंदाज यांची सरमिसळ बातमीत आली की ती गमतीवर राहत नाही. शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, अशी मर्यादा आहे. याविषयीच्या मजकुरात ‘शाळा वस्तीपासून एक किलोमीटरपेक्षा लांब असू शकत नाही’ असे वाक्य आले, तर डोंगरावरच्या धनगरवाड्यातील बाप काय समजेल? त्याची मुलगी रोज दोन ओढे ओलांडून शाळेत जाते, म्हणजे शाळा लांब असू शकते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. तेथे ‘लांब असता कामा नये’ असे लिहिले, तर नियम मोडला गेल्याचे त्याच्या त्याच क्षणी लक्षात येईल.

सामर्थ्याचा अर्थ खरोखर अभिप्रेत असतो, तेथेही मराठीला ‘शकणे’ बहुधा लागत नाही. पावसाळ्यात पसरणी घाटात धुके उतरले की इंग्रजी बोलणारा ‘यू कान्ट सी मोअर दॅन टेन फीट’ म्हणेल. एसटीचा चालक ‘धा फुटापल्याड दिसत न्हाई’ म्हणून काच पुसतो आणि गाडीचा वेग कमी करतो. ‘दिसू शकत नाही’ हे मी अजून कोणाही चालकाच्या तोंडून ऐकलेले नाही. ‘यू नीडन्ट गो फार’चे ‘तुम्हाला दूर जाण्याची आवश्यकता नाही’ असे भाषांतर होते. आपल्याकडे ‘लांब जायला नको’ एवढ्यात ते भागते. थोड्या अंतरासाठी आणि थोड्या पसाऱ्यासाठी हाकेवर, चार पावलांवर, वीतभर, टीचभर, जेमतेम, उणेपुरे असे कितीतरी शब्द हाताशी आहेत आणि त्यांतील बरेचसे नकाराशिवायच काम करतात.

आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती एवढीच की, अनुवादित बातमीत ‘पेक्षा जास्त असू शकत नाही’ हे शब्द दिसले की तेथे अंदाज आहे, नियम आहे की खरीच असमर्थता, हे मूळ मजकुरात पाहून घ्यावे. अंदाज असेल तर ‘नसेल’ किंवा ‘फार तर’, नियम असेल तर ‘असता कामा नये’. आणि बोलणारी व्यक्ती मराठी असेल, तर शक्यतो तिला फोन करून ती नेमके काय म्हणाली, ते विचारावे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, वाई