शेती 'इतर' मध्ये कशी काय?

संपादक साहेब, नमस्कार.

2022 च्या पावसाळ्यात आमच्या औसा तालुक्यात शंखी गोगलगायीनं कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं, मला दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी रानात टाकायची अन् सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, एवढा साधा उपाय, पण तो भाच्याकडून कळला तोवर निम्मं रान मोकळं झालं होतं. घरात टीव्ही मात्र रोज रात्री चालू होता आणि त्याचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला भरत होतो.

तेव्हापासून टीव्हीवर शेतीला जागा का नाही, हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. चॅनेलला परवानगी देतं माहिती व प्रसारण मंत्रालय, आणि तिथं प्रकार दोनच, बातम्यांचं नाहीतर बिगर-बातम्यांचं. बिगर-बातम्यांच्या पहिल्या चॅनेलला कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता मालमत्ता, 5 कोटी लागते, बातम्यांच्या 20 कोटी. चॅनेल शेतीचं का सिनेमाचं, ते त्यात येतच नाही. ट्राय म्हणजे टीव्ही-केबलचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था, तिच्या 2017 च्या नियमांमध्ये प्रकार दिलेत, भक्तीचा आहे, लहान मुलांचा आहे, गाण्यांचा आहे, खेळाचा आहे, शेतीचा नाही. शेती गेली 'इतर' मध्ये! ज्याच्यावर आख्ख्या मराठवाड्याची चूल पेटते ते इतर, हे वाचून खरंच लई वाईट वाटलं.

कॅनडात सीआरटीसी, म्हणजे तिथली चॅनेलांवर देखरेख करणारी संस्था, पूर्वी विषय ठरवून लायसन्स द्यायची आणि त्याच विषयात टक्कर देणारं दुसरं चॅनेल येऊ द्यायची नाही, ते संरक्षण त्यांनी 2015 मध्ये काढायचं ठरवलं. तेवढी मक्तेदारी मलाही नको. पण शेतीचं म्हणून चॅनेल काढलं तर त्यावर शेतीच दिसावी एवढी अट घालायला काय हरकत आहे?

दूरदर्शनचं शेतीचं चॅनेल डीडी किसान 2015 पासून आहे, चांगलं आहे, पण हिंदीत, आणि माझ्या आईला तणनाशकाचं प्रमाण हिंदीत कसं कळणार.

मंत्रालयाच्या 2022 च्या नियमावलीत चॅनेलनी रोज 30 मिनिटं लोकहिताचं दाखवायचं असं आहे, त्यात शेतीही आहे. माझी कळकळीची विनंती, मराठी चॅनेलनी निदान जून ते सप्टेंबर त्यातली 10 मिनिटं शेतीला द्यावीत, तीही संध्याकाळी सात-साडेसातला, माणूस रानातून घरी आल्यावर. माहितीसाठी परभणीचं कृषी विद्यापीठ आहेच.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, ता. औसा, जि. लातूर