झबल्यासाठी जुने कापड निवडताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवजात बाळाला पहिले काही दिवस कोरे कापड न घालता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची किंवा धोतराची झबली घालण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर लांबीचे मूल वर्षभरात ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचते आणि विकत आणलेले झबले पुरते वापरून होण्याआधीच आखूड पडते. तेव्हा या रीतीत काटकसरीइतकाच शहाणपणाही आहे. मात्र घरातले जुने कापड सुतीच असणार, हे तिच्यामागचे गृहीत आता खरे राहिलेले नाही. आजच्या कपाटातून निघणारी जुनी साडी बहुधा जॉर्जेटची किंवा अन्य कृत्रिम धाग्याची असते, शाळेचा जुना गणवेश टेरिकॉटचा असतो आणि पलंगपोसातही पॉलिस्टरची भेसळ असते. असे कापड हाताला गुळगुळीत लागले तरी घाम टिपत नाही आणि मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याने बाळाच्या मानेवर, काखेत घामोळे उठते. बाळंतिणीच्या खोलीत अजूनही शेकशेगडी ठेवणाऱ्या घरांत तर त्याचा धोका अधिकच, कारण ठिणगी पडल्यास कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो.

कापड ओळखणे अवघड नाही. कडेचे दोन-चार धागे उपसून, ते चिमट्यात धरून बाळापासून दूर जाळून पाहावेत: सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते, तर पॉलिस्टर आक्रसून त्याची कडक गुठळी बनते. या कसोटीला उतरणारे कापड पुष्कळ घरांत अजून निघते. आजीचे नऊवारी, धोतर, पंचा, सुती सदरे आणि सहसा कोणाच्या ध्यानात न येणारे जुने बनियन. बनियनचे कापड विणीचे असल्याने ताणले जाते आणि त्याची खालची तयार दुमड झबल्याच्या घेराला तशीच ठेवली, तर तेवढी शिवण वाचते. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीत मीटरभर चौरसाची पाच दुपटी सहज निघतात आणि काठाकडच्या उरलेल्या पट्ट्यांतून लंगोटांचे बंद होतात; जरीचा भाग मात्र कापून टाकावा, तो बोचतो. सोलापुरी चादर अंथरुणाखाली घालायला उत्तम, पण अंगाला लावण्याइतकी ती मऊ नसते.

एका गोष्टीची चर्चा मात्र फारच कमी होते. ट्रंकेत वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे काढून, नुसते झटकून बाळाला गुंडाळणे घातक ठरू शकते. या गोळ्यांतील नॅप्थलीन कापडात मुरते आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून असे कापड बाळासाठी वापरूच नये, हे उत्तम. इतर जुने कापडही आधी उकळत्या पाण्यात धुऊन, खळ आणि साबण पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटत असल्यास ते बाजूला ठेवावे.

शिवताना झबले पुढून उघडे, एकावर एक पदर येणारे आणि बगलेशी आखूड बंदांनी बांधायचे ठेवावे, म्हणजे ते डोक्यावरून ओढावे लागत नाही. नवजात बाळासाठी शिवणीची कड बाहेरच्या बाजूला घेतलेली बरी. दिसायला ओबडधोबड दिसते, पण बाळाला त्याचे काय? कुंचीचा बंद गळ्याशी येतो, म्हणून बाळाला निजवताना ती काढावी, आणि कौतुकाने लावलेले मणी, घुंगरू, गोंडे तोंडात जाण्याची भीती असल्याने त्यांचा मोह आवरावा. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची सवयही सोडायला हवी. त्याने खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो.

गावोगावी अंगणवाडीत गरोदर महिलांच्या बैठकी होतात. त्यांत आहार आणि लसीकरण यांच्या जोडीला हा विषय घेतला जावा, अशी माझी महिला व बालविकास खात्याला विनंती आहे. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. येणाऱ्या प्रत्येकीने घरचे एक जुने कापड सोबत आणावे, ते सुती आहे की नाही याची पारख तिथेच करावी आणि सुई-दोऱ्याने एक झबले पुरे करूनच उठावे. बचत गटातील शिवणकाम जाणणाऱ्या महिला हे शिकवू शकतील, मात्र त्यांना त्या वेळेचे मानधन मिळायला हवे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, सातारा