पहाटे खाली उतरत जा

ता. शिरपूर, जि. धुळे
5 जून 2020

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस की रात्रीचे दोन-तीन वाजले तरी डोळा लागत नाही आणि सकाळी अंग जड असतं. "आजारी नाहीये गं मी, पण कशातच मन लागत नाही," असं म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. फोनवर असलं बोलणं नीट होत नाही, मध्येच तुझी मीटिंग येते. म्हणून लिहायला बसले. पोस्टाचा सध्या भरवसा नाही, तेव्हा तुझे नाना या कागदांचे फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवतील.

मार्चपासून दूध आणि किराणा सोडला तर तू पुण्याच्या त्या खोलीच्या बाहेर पडलेली नाहीस. कोरोनामुळे घरात राहा म्हटलं, तू राहिलीस, योग्यच केलंस. पण आता सरकारचा 31 मेचा आदेश आलाय. 3 जूनपासून पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळात चालायला, पळायला, सायकल चालवायला मोकळीक आहे. पुण्यालाही आहे आणि आपल्या धुळ्या-जळगावलाही. घराजवळच जायचं, एकेकट्यानं, घोळका करायचा नाही. सायकलला तर त्यात खास उत्तेजन दिलंय, कारण तिच्यावर अंतर आपोआप राखलं जातं. तुमची इमारत प्रतिबंधित क्षेत्रात नाही हे तूच सांगितलंस. मग बेटा, आता तुला खोलीत अडवून ठेवणाऱ्या फक्त दोनच गोष्टी आहेत, सवय आणि भीती.

भीतीचं आधी बोलू. अमळनेर, भुसावळकडच्या बातम्यांनी इथंही लोकांची झोप उडाली होती, त्यामुळे तुझी भीती मला परकी नाही. पण हा आजार पसरतो कुठे ते बघ. चीनमधल्या संशोधकांनी जानेवारी-फेब्रुवारीत एकाकडून अनेकांना लागण झाल्याचे प्रसंग गोळा केले. तीन किंवा त्याहून जास्त रुग्ण असलेले असे 318 प्रसंग निघाले आणि ते सगळे बंद जागेतले होते. कुठे घरात, कुठे बसमध्ये, कुठे हॉटेलात. उघड्यावर लागण झाल्याचा प्रसंग त्यांना एकच सापडला, तोही दोन माणसं समोरासमोर बोलत उभी होती म्हणून. मोकळ्या हवेत श्वासातले कण वाऱ्यानं विरळ होतात, बंद खोलीत ते तरंगत राहतात. जपायचं ते गर्दीपासून आणि कोंदट जागेपासून. मोकळ्या आभाळाखाली अंतर ठेवून चालण्यात काही वावगं नाही.

आपल्या लोकांना हे फार जुनं ठाऊक आहे. नानांची आजी, मोठी माय, प्लेगच्या आठवणी सांगायची. 1896 साली मुंबईत प्लेग आला, मग तो घाट चढून देशभर फिरला, खान्देशातही आला. उंदीर पडायला लागले की माणसं गाव मोकळं करायची. भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन शेतात जायची, खोपी घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायची. खोपी एकमेकींपासून लांब घालायच्या, चुली वेगळ्या, पाणी आपापल्या विहिरीचं. मोठी माय तेव्हा लहान होती. तिला त्या दिवसांतलं आठवायचं ते बोराटीच्या काट्यांचं कुंपण, रात्री उघड्यावर झोपणं आणि लांबच्या खोपीतून कुणीतरी हाक मारून "सगळे बरे आहात ना?" असं विचारणं. तिच्या घरातलीही माणसं त्या साथीत गेली होती. तरी ती सांगायची, रानात गेल्यावर जीव थाऱ्यावर आला.

आता तुझ्या झोपेचं. मी इतकी वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे एवढं मला सांगू दे. शरीरात एक घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडावर लावलं जातं. त्याची आतली यंत्रणा उलगडल्याबद्दल 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. डोळ्यात सकाळचा उजेड गेला की मेंदू झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, थांबवतो आणि रात्री ते कधी सुरू करायचं हेही त्याच वेळी ठरतं. खोलीत ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर उन्हं वर आली की तोच दहा हजारांच्या पुढे जातो, ढगाळ असलं तरी हजारांत असतोच. तू दिवसभर पडदे ओढून लॅपटॉपसमोर बसतेस आणि रात्री बारापर्यंत त्या लॅपटॉपचाच पडदा डोळ्यासमोर असतो. शरीराला कळावं कसं की दिवस कधी उगवला आणि कधी मावळला? झोप येत नाही यात तुझ्या मनाचा कमकुवतपणा शोधू नकोस. आधी शरीराला उजेड दे.

डोळ्यांचंही तेच. जवळचं बघताना बुबुळामागचा स्नायू आकसलेला राहतो, लांबचं बघितलं की तो सैल होतो. आपल्याकडे शेताच्या बांधावर उभं राहिलं की केळीच्या बागा संपतात तिथून पुढे सातपुडा निळसर दिसतो, नजर मैलोन्‌मैल जाते. तुझ्याकडे सातपुडा नाही, पण टेकड्या आहेत, रस्त्याच्या टोकाचं झाड आहे, निदान आभाळ तरी आहेच. रोज थोडा वेळ लांब बघत जा.

शेजारच्या आप्पांचं तुला सांगायचंच राहिलं. पंचाहत्तरीतला माणूस, सकाळ-संध्याकाळ पारावर बसल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. टाळेबंदी आली, पार ओस पडला, मुलांनी काळजीपोटी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. एप्रिलअखेरपर्यंत ते निम्मे झाले. दिवसा झोपायचे, रात्री जागे राहायचे, सुनेवर चिडायचे, ताट तसंच परत जायचं. एकदा ओट्यावरून मला म्हणाले, "घरमा बसीसन जीव घाबरस, माय." नानांनी त्यांच्या मुलाला समजावलं आणि रोज सकाळी सहाच्या सुमारास आप्पांना आपल्या खळ्यात आणायला सुरुवात केली. नाना पुढे, आप्पा मागे काठी टेकत, मध्ये सहा-सात हातांचं अंतर, दोघांच्याही तोंडाला उपरणं. खळ्यात निंबाखाली एक खाट त्यांच्यासाठी वेगळी ठेवलीय, तिला दुसरं कुणी हात लावत नाही. पहिले काही दिवस ते नुसते बसून राहिले. मग उन्हाळी भुईमूग निघाला तेव्हा त्यांनी स्वतःहून सूप मागितलं आणि बियाण्याच्या शेंगा निवडायला घेतल्या. अंगठ्यानं शेंग दाबून बघायची, कानाजवळ हलवायची, भरलेली असेल तर एका बाजूला, पोकळ असेल तर दुसऱ्या. बोटं थरथरतात त्यांची, पण निवडलेल्या ढिगात एक पोकळ शेंग सापडायची नाही. आता दुपारी जेवतात आणि रात्री घरावरच्या सपाट धाब्यावर अंथरूण घालून मोकळ्यावर झोपतात. औषध काही बदललेलं नाही. सकाळचा उजेड मिळाला, रोजचं चालणं झालं, हाताला काम आलं आणि लांबून का होईना माणसाचा आवाज कानावर पडला.

आज वटपौर्णिमा. वडाभोवती गर्दी नको म्हणून आम्ही बायकांनी वेळ वाटून घेतली होती. उजाडल्यापासून एकेक जण जायची, सूत गुंडाळायची, निघायची. मी सगळ्यात आधी गेले आणि तिथूनच पुढे नाल्यावरच्या बंधाऱ्यापर्यंत चालत आले. पाणी अडवून जिरवायच्या शिरपूर पॅटर्नमध्ये नाला रुंद आणि खोल केला तेव्हापासून ऐन जूनमध्येही त्यात पाणी असतं. पलीकडच्या बाभळीतून पावशा पक्षी सारखा 'पेर्ते व्हा' करतोय. मृग दोन दिवसांवर आलाय आणि ठिबकवरची कपाशी हातभर उंच झालीय. बघत उभी राहिले तेव्हा मनात आलं, हे तुला दाखवावं.

तुझ्या मनात तेच तेच विचार घोळत राहतात म्हणालीस, त्यावरूनही एक आठवलं. 2015 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही माणसांना दीड तास गवताळ, झाडांच्या वाटेवर चालायला पाठवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चालून आलेल्यांचं स्वतःबद्दल उलटसुलट कुढणं कमी झालं होतं, मेंदूच्या तपासणीतही तसं दिसलं. रस्त्याकडेने चाललेल्यांत तो फरक नव्हता. म्हणून जमेल तर झाडांची गल्ली निवड, लांबची पडली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. एप्रिल-मेमध्ये आग्रा हायवेवरून माणसांची रांग तुटत नव्हती. मुंबई-नाशिककडून निघालेले, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पलासनेरवरून सेंधव्याकडे मध्य प्रदेशात आणि तिथून पुढे यूपी-बिहारला. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात. नाना आणि गावातली पोरं भाकरी-ठेचा, पाणी, जुन्या चपला घेऊन रस्त्यावर असायचे. एका बाईच्या पायाला चपलेऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या चेपून सुतळीनं बांधलेल्या होत्या. मी तिला माझ्या चपला दिल्या, त्या तिला मोठ्या झाल्या, तरी घालून गेली. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझं दुःख तुझ्या जागी खरं आहे, ते कुणाच्या दुःखाशी तोलायचं नसतं. पण चालणं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी तीच येते, आणि तुला सावलीतून, पोटभर पाणी पिऊन, मर्जीनं चालता येतंय याचं मोल मला कळतं.

तर आता असं कर. पहाटे साडेपाच-सहाला खाली उतर. मास्क लाव, पण इतक्याच वेगानं चाल की श्वास कोंडणार नाही. कुणी समोरून आलं तर बाजूला हो. कानात काही घालू नकोस, निदान जाताना तरी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं झाली तरी पुरे. पाऊस असेल तर जिने चढ-उतार कर. तासन्‌तास बसून काम असतं तेव्हा मध्येच उठून टाचा वर-खाली करत जा, पोटरीचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. गच्चीला कुलूप आहे म्हणालीस, तर सोसायटीच्या अध्यक्षांना लिहून दे की प्रत्येक मजल्याला ठरावीक वेळ द्या आणि किल्ली वॉचमनकडे ठेवा. तुझ्यासारखे आणखी कितीतरी जण कोंडलेले असतील तिथे, म्हातारी माणसंही असतील. कुणीतरी मागायला हवं.

आणि एवढं करूनही दोन आठवड्यांत झोप आली नाही, जेवण गेलं नाही, नको नको ते विचार यायला लागले, तर डॉक्टरला फोन करायचा. त्यात लाज कसली? ताप आल्यावर जातो तसंच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं या काळासाठी फोनवरची मदत सुरू केलीय, तीही आहे. पण आधी मला सांग. रात्री तीन वाजता वाटलं तर तीन वाजता फोन कर, मी धाब्यावरच असते आणि फोन उशाशी असतो.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू आली नाहीस. बिबडे आणि उडदाचे पापड करून डब्यात भरून ठेवलेत, पुण्याकडे जाणारी केळीची गाडी मिळाली की पाठवते. तुझे चालायचे बूट जुने झाले असतील, दुकानं उघडली की नवे घे, पैसे नाना टाकतील. उद्या पहाटे उतरलीस की वाटेत काय दिसलं ते मला दोन ओळीत लिहून पाठव.

तुझी,
आई