मुक्ताला, मुंबईच्या कार्यक्रमाआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास. पुन्हा लावणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो. म्हणून कागद घेतला. हाताबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं आईने बजावलं आहे. तेव्हा कार्यक्रमाचंच लिहितो.

तू पाठवलेली पत्रिका सागरने तिवस्यातून छापून आणली. देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. आधी बाखचा पाचवा सुइट, म्हणजे नाचाच्या चालींची माळ, मग फिनलंडच्या संगीतकार सारियाहोबाईंची ‘सात फुलपाखरं’ ही रचना, आणि शेवटी हंगेरीचा कोडाय. तुझ्या चेलोच्या सोबतीला पियानो नाही, कोणीच नाही. गावात जो भेटेल त्याला मी हे सांगतो. "तबला तरी असंल ना?" असं विचारतात. नाही म्हणतो, खुर्ची, पोरगी आणि वाद्य. आजोबा असते तर त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं. मोझरीला तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी समोर बसून ऐकली होती. एवढ्याशा खंजिरीने एवढी माणसं कशी जागच्या जागी बसून राहिली, हे ते शेवटपर्यंत सांगायचे.

बाख मी आता रोज ऐकतो. हरभऱ्याला रात्रीची लाइन असते, तेव्हा वावरात फोन खिशात असतो. पाचव्या सुइटमधलं ते सारबांद, म्हणजे संथ नाचाची चाल, ज्यात दोन सूर कधी एकत्र वाजतच नाहीत, एकेक सुटा येतो, ते ऐकताना पाणी सरीच्या पुढे गेलं तरी मी धुऱ्यावरून उठलो नाही. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही, त्याच्या बायकोने, आना माग्दालेनाने, उतरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळते, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग पत्रिकेत तिचं नाव काऊन नाही?" याचं उत्तर तूच दे.

सारियाहोबाईंचं ते 2000 सालचं काम मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. सूर धरावा तर निसटतो. मग एका दुपारी तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, तिथे थांबून पुन्हा लावलं. आता आवडतं.

राहिला कोडाय. 1915 सालचा हा सोनाटा, अर्ध्या तासाचा. खालच्या दोन तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या, बोटं पार ताणायची, आणि गज चालू असताना त्याच डाव्या हाताने तारही छेडायची. सगळा भार डाव्या हातावर. आणि तूच म्हणालीस की सकाळी उठल्यावर त्याच हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असतं. म्हणून मी म्हटलं, या खेपेला कोडाय गाळ. तुला वाटलं बाबांना काय कळतं. संगीतातलं नाही कळत बेटा, पण हाताचं कळतं.

आईचा आताचा हात तुला माहीत आहे, आधीचा तुला आठवायचा नाही. पऱ्हाटीत वेचणीला ती कोणाला मागे टाकू द्यायची नाही. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला बोचून रक्त यायचं, संध्याकाळी चुलीपुढे बसून बोटांना खोबरेल लावायची. पहिले नुसत्या मुंग्या यायच्या. मग रात्री झोपेतून उठून हात झटकायला लागली. वेचणी संपली की दाखवू, म्हणायची. वेचणी संपली, मग तुरी आल्या, मग तुझ्या मावशीचं लग्न. एक दिवस चहाचा पेला हातातून सुटला. आता भाकरी काकू थापते.

चेलोवादक कसाल्सची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. 1890 मध्ये, 13 वर्षांचा असताना, बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्याला बाखच्या या सुइट्सची प्रत सापडली. तेव्हा वडील सोबत होते, हे तू घाईत सांगून पुढे गेलीस. मी ते लक्षात ठेवलं. तोच माणूस 1901 मध्ये अमेरिकेत एका डोंगरावर गेला आणि दगड येऊन डाव्या हातावर पडला. काही महिने वाजवणं बंद. पण थांबला म्हणून तर म्हातारपणापर्यंत वाजवू शकला ना?

बघ, पुन्हा हातावरच आलो. दर अर्ध्या तासाने उठत जा, उशाखाली हात घेऊन झोपू नकोस, फोन उजव्या हातात धर. पुरे. शिकवणी झाली ही, रागावू नकोस.

मे महिन्यात चेलो घरी आणलास तेव्हा उन्हाने लाकूड आकसायचं आणि खुंट्या आपोआप सैल पडायच्या. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालून तू पेटीत ठेवायचीस. रात्री उठून तो ओला आहे का बघायचीस. आणि वाद्याचा तो खालचा लोखंडी दांडा सारवलेल्या ओसरीत रुतायचा. आजी ओरडायची, "पोरीनं पुन्हा ओसरीले भोक पाडलं," आणि तू वाजवून उठलीस की मुकाट्याने शेणमातीचं बोट फिरवायची. त्या स्पंजची केलीस तेवढी काळजी या दोन बोटांची कर, एवढंच मागणं आहे.

कोडाय वाजवायचा की नाही, ते तू आणि डॉक्टर ठरवा. मी मध्ये पडणार नाही. वाजवलास तर मी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तुझ्या डाव्या हाताकडेच बघत बसणार, हेही सांगून ठेवतो. वेचणी काकावर सोपवली आहे. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढली. आईला खोकला आहे, तेव्हा जागा दाराजवळची ठेव. तपासणीची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आई जवसाची चटणी बांधते आहे. बधिर बोटं चोळू नकोस, असं तिने लिहायला सांगितलं.